सांध्याची खालची बाजू

बेडकाबद्दल मी चार चांगले शब्द लिहीन अशी आशा कुणी धरू नये. त्याच्यात चांगलं काही नाही असं नाही. चांगलं खूप आहे, आणि माझं दुखणं नेमकं तेच आहे. वाईट माणसाचा हेवा करायला निदान सोय असते. आपण बरोबर आहोत असं वाटत राहतं. बेडकानं मला तेवढंही सुख दिलं नाही.

तो आमच्या पाणीपुरवठा खात्यात फिटर आहे. वय बेचाळीस. बुटका, रुंद, पावलं पसरट आणि डोळे जरासे बाहेर आलेले. रस्त्यात कुठंही नळाची मोठी वाहिनी फुटली की खड्डा खणतात आणि सगळ्यात आधी त्यात उतरतो तो बेडूक. हे नाव माझ्या वडिलांनी ठेवलं. खात्यात आता पगारपत्रक सोडलं तर त्याचं खरं नाव कुठंच चालत नाही. त्याच्या दोन मुलीसुद्धा शाळेत 'आमचे बाबा बेडूक आहेत' असं सांगून आल्या होत्या म्हणे, आणि हे तो स्वतःच पोट धरधरून हसत सांगतो. गंमत म्हणजे त्याला पोहता येत नाही. कमरेच्या वर पाणी आलं की शिडी धरतो.

माझे वडील त्याच खात्यात छत्तीस वर्षं फिटर होते. मी शिकावं, हात काळे करू नयेत, पंख्याखाली बसून पगार घ्यावा, ही त्यांचीच इच्छा. मी शहाण्यासारखा शिकलो. त्याच खात्यात नोंदणी शाखेत लागलो. कुठल्या रस्त्याखाली कुठली वाहिनी, किती खोल, कधी टाकली, कधी दुरुस्त केली, याची सगळी दप्तरं माझ्या ताब्यात. हात स्वच्छ राहिले. आणि मग त्याच माणसानं, ज्यानं माझे हात स्वच्छ ठेवले, एका काळ्या हाताच्या पोराला जीव लावला. बेडूक एकोणीस वर्षांचा असताना खड्डे खणायला रोजंदारीवर आला. बाबांच्या नोकरीची शेवटची तीन वर्षं तो त्यांच्या हाताखाली होता. तीन वर्षं! मी जन्मापासून आहे, पण आमच्या घरी हिशेब तीनच वर्षांचा चालतो.

बाबा निवृत्त होऊन वीस वर्षं झाली. कंबर गेली, घराबाहेर पडणं बंद झालं, डोळे अधू झाले. बेडूक मात्र आठवड्यातून दोन-तीनदा संध्याकाळी येतोच. दारात चपला काढतो, पाय धुतो, माझ्या खुर्चीत बसतो आणि खिशातून कॅमेरा काढतो. "बाबा, आज काय सापडलं बघा." माझ्या वडिलांना तो बाबा म्हणतो. मला दादा म्हणतो, माझ्या बायकोला वहिनी म्हणतो. सगळी नाती त्यानं न विचारता घेऊन टाकली आहेत. मग दोघांची डोकी त्या बोटभर पडद्यावर टेकतात. बाबांच्या हातात भिंग असतं. "हा व्हॉल्व त्या लंगड्यानं बसवलेला, ओळखलं का?" असं काहीतरी बेडूक सांगतो आणि बाबा मनापासून हसतात. तसे ते माझ्याशी बोलताना कधी हसलेले मला आठवत नाहीत. मला ते 'साहेब' म्हणतात. "साहेब आले का? साहेबांना चहा द्या." बेडूक आला की मी आतल्या खोलीत जायचो आणि टीव्हीचा आवाज वाढवायचो. बातम्या लागल्या असोत की साबणाची जाहिरात.

हा कॅमेराही मुळात माझ्याकडेच यायचा होता. दहा वर्षांपूर्वी खात्यानं तो घेतला, कारण दुरुस्तीच्या प्रत्येक कामाचा फोटो दप्तरी हवा असा नियम झाला. खड्डा एकदा बुजवला की आत काय होतं याचा पुरावा तो फोटोच. नोंदणी शाखेचा माणूस म्हणून मी पहिल्या दिवशी गेलो, खड्ड्यात डोकावलो, चिखल बघितला आणि कॅमेरा बेडकाच्या हातात दिला. "तू उतरतोच आहेस, तर काढ." एवढंच वाक्य. त्या एका वाक्याचं फळ मी दहा वर्षं भोगतोय.

कॅमेरा साबणाच्या वडीएवढा होता, दणकट जातीचा. पाण्यात पडला तरी चालतो, आपटला तरी चालतो, हातमोज्यातूनही बटणं दाबता येतात. बेडूक दिवसभराचं काम झालं की तो नळाखाली धरून स्वच्छ धुवायचा, फडक्यानं पुसायचा आणि खिशात टाकायचा. फोटो काढायची पद्धत ठरलेली. एक छोटी पाटी घ्यायची, तिच्यावर खडूनं कामाचा क्रमांक, तारीख आणि खोली लिहायची, आणि ती पाटी फोटोत दिसेल अशी धरायची. पाटी नसलेला फोटो आमच्या खात्यात फोटोच नव्हे. बेडकाचे फोटो तिरके असायचे, एखाद्याच्या कोपऱ्यात त्याचा अंगठा यायचा, पण काम स्पष्ट दिसायचं. उपअभियंता मॅडम बैठकीत म्हणायच्या, "बेडकाचा फोटो असला की मला जागेवर जावं लागत नाही." त्या बैठकीत फोटो दप्तराला चिकटवणारा मीही बसलेलो असायचो. चिकटवणाऱ्याचं कुणी काही म्हणत नाही.

यंदा तो कॅमेरा गेला. बॅटरीच्या झाकणाचं रबर झिजलं होतं, आत पाणी शिरलं आणि पडदा पांढराफटक पडला. बेडकाला फार वाईट वाटलं; मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

नवा घ्यायचा ठरला तेव्हा दुकानदारानं दोन दाखवले. एक तसाच दणकट छोटा, नव्या पिढीचा. दुसरा डीएसएलआर, त्या जातीतला सगळ्यात स्वस्त, पण दिसायला भारदस्त. लेन्स बदलता येते, पट्टा गळ्यात अडकवायचा, स्वतंत्र बॅग. किंमत जवळपास सारखीच. मॅडम म्हणाल्या, "आठ दिवस दोन्ही वापरून बघा आणि टिपणी तुम्ही लिहा." तुम्ही म्हणजे मी. दहा वर्षांत पहिल्यांदा कॅमेऱ्याच्या बाबतीत माझं मत कुणी विचारलं होतं.

माझं मत तर आधीच तयार होतं. डीएसएलआरचा सेन्सर, म्हणजे आतला चित्र टिपणारा तुकडा, केवढा मोठा! त्यातून दिसतं तसं छोट्यातून दिसणं शक्यच नाही. दुकानातल्या माणसाकडून मी सगळं ऐकून घेतलं, वहीत लिहून काढलं. शिवाय एक गोष्ट वहीत लिहिली नव्हती. तो कॅमेरा चिखलाच्या हातानं धरता येत नाही. पाण्यात नेता येत नाही. म्हणजे तो कुणाच्या गळ्यात राहणार? नोंदणी शाखेच्या. आणि संध्याकाळी बाबांसमोर तो उघडून कोण बसणार?

बेडकाला विचारलं तर म्हणाला, "दादा, मोठा चांगलाच असणार. पण मला खाली उतरून एका हातानं शिडी धरायची असते. एकच हात उरतो. त्यात छोटाच मावतो." एवढंच. वाद नाही, हट्ट नाही. मी त्याला सेन्सर समजावून सांगितला. तो मान डोलवत राहिला आणि शेवटी म्हणाला, "बरं." या 'बरं'नं माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्याच आठवड्यात जुन्या पंपघराजवळची मोठी वाहिनी बदलायचं काम निघालं. ही बातमी घरी बेडकानंच आणली. मी आत होतो, पण बाबांचा आवाज चढलेला ऐकला म्हणून टीव्ही बंद करून बाहेर आलो.

ती बिडाची वाहिनी पन्नास वर्षांपूर्वीची. तेव्हा दोन नळांचा सांधा आजच्यासारखा रबराचा नसायचा. एका नळाच्या तोंडात दुसरा बसवायचा, फटीत ताग ठासायचा, वरून वितळलेलं शिसं ओतायचं आणि थंड झालं की छिन्नी-हातोड्यानं चहूबाजूंनी ठोकून घट्ट करायचं. ठोकणाऱ्यानं शेवटी शिशावर आपली खूण उमटवायची अशी त्या फिटरांची रीत होती. पुढं गळलं तर कुणाला शिव्या द्यायच्या ते कळावं म्हणून. पंपघराजवळच्या वळणावरचा सांधा बाबांनी एकट्यानं केलेला पहिला सांधा होता. तोवर ते दुसऱ्याच्या हाताखाली होते. गुरुवारी तो उघडा पडणार होता आणि त्याच दुपारी कापून भंगारात जाणार होता.

"पन्नास वर्षांत त्याच्यावर कुणाची नजर पडलेली नाही," बाबा म्हणाले. "मला एकदा कळायला पाहिजे."

"मी आणतो ना बाबा—" बेडूक म्हणाला.

"मी आणतो," मी म्हणालो. "मोठ्या कॅमेऱ्यानं काढतो. भिंतीएवढा करून दाखवतो."

दोघांनीही माझ्याकडं तोंड वळवलं. बाबा म्हणाले, "तू? खड्ड्यावर जाणार?" त्यात चेष्टा नव्हती. साहेबही म्हणाले नाहीत. "ये मग. मी वाट बघतो."

ते दोन दिवस मी हवेत होतो. कॅमेऱ्याचं पुस्तक वाचलं, घरातल्या कपाटाचे, कुंड्यांचे, बायकोचे फोटो काढले. बायकोच्या फोटोत ती स्पष्ट आणि मागचं सगळं मऊ, धूसर, एखाद्या मासिकात असतं तसं आलं. छोट्या कॅमेऱ्याला जन्मात जमणार नाही, असं मी तिला म्हणालो. ती म्हणाली, "मागं कपडे वाळत घातलेत ते दिसले नाहीत ते बरंच झालं."

गुरुवारी अकराच्या सुमाराला मी पंपघराशी पोचलो. खड्डा दीड पुरुष खोल होता. बाजूला पंप घरघरत पाणी उपसत होता, तरी तळाशी घोटाभर पाणी होतंच. बेडूक सकाळी सातपासून तिथं होता, हे मला नंतर कळलं. वाहिनी उघडी पडलेली, काळी, माझ्या मिठीत मावणार नाही एवढी जाड, आणि वळणाच्या अलीकडं तो सांधा.

"दादा, खाली या ना," बेडूक तळातून म्हणाला. "वरून सगळं नाही कळायचं. मी शिडी धरतो."

मला वाटलं, हा मला सगळ्या मजुरांसमोर घसरताना बघणार. "वरून उत्तम दिसतंय," मी म्हणालो. "तू फक्त पाटी धर." पाटी मी ऑफिसातूनच लिहून आणली होती. क्रमांक, तारीख, खोली, ठळक अक्षरात, ओळी पट्टीनं आखून. ती दोरीनं खाली सोडली. बेडकानं ती सांध्याच्या पुढं हातभर अंतरावर उंच धरली. मी काठावर गुडघे टेकले, खाली रुमाल पसरून. लेन्स पूर्ण लांबवली. टिकटिक टिकटिक. साठेक फोटो काढले असतील. प्रत्येक वेळी कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं. छान येत होते. खोटं नाही सांगत, मला त्या अर्ध्या तासात आनंद झाला. मजूर बाजूला होऊन मला जागा देत होते.

माझं झाल्यावर बेडकानं खिशातून तो छोटा कॅमेरा काढला, पाटी छातीवर धरली आणि सरळ त्या गढूळ पाण्यात पाठीवर आडवा झाला. सरकत सरकत नळाखाली गेला. फक्त गुडघे दिसत होते. आत दोनदा प्रकाश चमकला. बाहेर आला तेव्हा केसांतून पाणी गळत होतं. "झालं," म्हणाला, आणि कॅमेरा मजुराच्या बादलीत बुचकळून धुतला. मी मनात म्हटलं, नाटकी आहे.

दोन वाजता करवतयंत्रानं नळ कापला. सांध्याचा तुकडा साखळीनं उचलून ट्रकवर टाकला. मी तोवर ऑफिसात होतो.

संगणकाच्या मोठ्या पडद्यावर मी पहिला फोटो उघडला आणि हसू आलं, इतका सुरेख होता. खडूचा कण न् कण दिसत होता. माझं अक्षर, आखलेली ओळ, पाटीच्या लाकडी चौकटीवरची रेषा-रेषा. आणि तिच्यामागं सांधा मऊ, धूसर, बायकोच्या मागच्या वाळत घातलेल्या कपड्यांसारखा. दुसरा उघडला. तोही तसाच. दहावा, चाळिसावा, साठावा. कॅमेऱ्यानं प्रत्येक वेळी इमानानं पाटी पकडली होती. जे पुढं धरलं होतं ते. कॅमेऱ्याच्या तळहाताएवढ्या पडद्यावर सगळंच स्पष्ट वाटलं होतं. मागं येऊन उभ्या राहिलेल्या मॅडम म्हणाल्या, "पाटी फारच छान आलीय." बाई सरळ मनाच्या आहेत, टोमणा नसावा. पण माझे कान तापले.

मी धावत खाली गेलो. तुकडा बघू, परत काढू, असा विचार. ऑफिसच्या आवारात आलेला ट्रक भंगाराकडं निघून गेला होता.

जिन्यापाशी बेडूक उभा होता, अजून ओलाच. त्यानं माझं तोंड बघितलं आणि काही विचारलं नाही. छोट्या कॅमेऱ्यातलं कार्ड काढून माझ्या हातावर ठेवलं. "दादा, यात चार आहेत. खालून काढलेत. बाबांची खूण खालीच होती. सगळे फिटर वर करतात, बाबांनी खाली केली. खालचं ठोकायला आडवं पडावं लागतं, तिथं माणूस चुकारपणा करतो, म्हणून. तुम्हीच दाखवा. मी आज येत नाही."

बाबांनी हे त्याला सांगितलं होतं. मला सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि मी टीव्हीचा आवाज वाढवला असेल. आणि आता हा माणूस मला माझाच बाप दान करत होता, ओल्या हातानं. मला त्याचा इतका राग आला की मी आभारही मानले नाहीत. कार्ड मात्र घेतलं.

त्यातला एक फोटो मी मोठा छापून घेतला. तिरका होता. एका कोपऱ्यात प्रकाश चकाकला होता. पण पुढच्या पाटीपासून मागच्या मातीपर्यंत सगळं लख्ख, आणि मधोमध शिशाचं कडं, त्याच्यावर अंगठा दाबावा तसा खळगा आणि खाली दोन आडव्या रेघा. माझ्या वडिलांचा पन्नास वर्षांपूर्वीचा हात. मी तो कागद पाकिटात घातला आणि घरी जाताना ठरवलं, मीच काढला म्हणून सांगायचं. बेडकानंच तर परवानगी दिली होती.

बाबा पलंगावर उशीला टेकून बसले होते. केस विंचरलेले होते. "आला का?" म्हणाले. "बस इथं." बेडूक बसतो त्या खुर्चीत मी बसलो. माझीच खुर्ची, पण परकी वाटली. कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी त्यावरून बोटं फिरवली आणि तो मांडीवर ठेवला. भिंग बाजूलाच होतं, ते उचललं नाही.

"कुठून काढलास?"

"खालून," मी म्हणालो. "खूण आलीय बघा. खळगा आणि दोन रेघा."

बाबांचा हात पुढं आला. माझं मनगट सापडलं, मग बाही. बाही त्यांनी कोपरापर्यंत चाचपली, मग खांदा, मग कॉलर.

"कोरडा आहेस," ते म्हणाले.

शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती.

"बेडकानं काढला," मी शेवटी म्हणालो.

"असू दे." ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "फोटो कुणी का काढेना. मला त्यातलं काय दिसतंय."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? वर्ष झालं. खिडकी कुठं आणि भिंत कुठं एवढं कळतं. भिंग हातात असलं की जरा बरं वाटतं, एवढंच. तो पोरगा सांगतो, मी ऐकतो."

मी दाराकडं बघितलं. बायको चहाचा कप घेऊन उभी होती. "तुम्हाला माहीत नव्हतं?" ती म्हणाली. तिला खरंच नवल वाटलं होतं. एका घरात राहून मला माहीत नव्हतं, आणि खड्ड्यातल्या फिटरला माहीत होतं. वर्षभर तो फोटो दाखवत नव्हता. तो बोटभर पडद्याआडून माझ्या बापाला सगळं वाचून दाखवत होता, आणि मी आत बसून त्या पडद्यावर जळत होतो. दोन कॅमेऱ्यांत कुठला चांगला यावर मी वही भरली होती.

"ते जाऊ दे," बाबा म्हणाले आणि नीट सावरून बसले. "आज तू सांग. तू होतास ना तिथं? मी दुपारी झोपलो नाही. सांग, कसा होता?"

मी कागद उचलला आणि त्यात बघून सांगायला लागलो. शिसं राखाडी आहे. कडं गोल आहे. खळगा आहे. बाबा मान हलवत होते, पण त्यांना ते नको होतं.

"खूण असणारच, मीच केली. ते नाही. कोरडा होता का?"

"काय?"

"सांधा रे. गळत होता का? खड्ड्यात पाणी होतं?"

"होतं. घोटाभर."

त्यांचा चेहरा उतरला. "सांध्यातून येत होतं की बाजूच्या मातीतून?"

मी आठवायचा खूप प्रयत्न केला. अर्धा तास मी त्या सांध्याकडं बघत होतो. म्हणजे कॅमेऱ्याकडं बघत होतो. पाटी सरळ आहे का, आपण मजुरांना कसे दिसतोय, बेडूक आपल्याकडं बघतोय का, हे सगळं बघितलं. पाणी कुठून येत होतं ते बघितलं नाही.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"हात लावलास?"

"नाही."

पन्नास वर्षं ज्या माणसाला एकच गोष्ट कळायची होती, त्याच्यासमोर मी एवढंच उत्तर घेऊन आलो होतो. मला स्वतःची लाज वाटली, आणि त्या लाजेच्या खालीही हेवा होताच, तो काही हलला नाही. बाबा उशीला टेकले. थोड्या वेळानं त्यांनी ते म्हटलं, जे मला ठाऊक होतं की ते म्हणणार.

"बेडकाला बोलाव."

मी स्वतः फोन लावला. पाऊण तासात तो आला, दारात पाय धुतले, आणि मला खुर्चीत बसलेला बघून थबकला. मी उठलो. खुर्ची त्याला दिली. आतल्या खोलीत मात्र गेलो नाही. पलंगाच्या पायथ्याशी बसलो. बाबांनी 'ये' पण म्हटलं नाही. एकदम विचारलं, "कोरडा होता का?"

"ठणठणीत," बेडूक म्हणाला. "वाहिनी बंद करायच्या आधी, पाणी जोरात चालू होतं तेव्हाच बघितलं. सातला गेलो होतो मुद्दाम. फडक्यानं सगळा पुसून घेतला, वरून, बाजूनं, खालून. मग दहा मिनिटं बसून राहिलो. परत फडकं फिरवलं. कोरडं. पाणी येत होतं ते डाव्या अंगाच्या मातीतून, जुनं गटार आहे ना तिकडून. तुमच्या सांध्यातून थेंब नाही बाबा."

बाबांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलंही नाही. मग माती कसली लागली, नळाला गंज किती, कापताना आवाज कसा झाला, एकेक विचारत गेले. बेडकाला सगळं माहीत होतं. मध्येच तो माझ्याकडं बघून म्हणायचा, "ते दादा होते ना वर," आणि मला आत ओढायला बघायचा. मी मान खाली घालून ऐकत होतो. दुसऱ्या दिवशी मी टिपणी लिहिली ती छोट्या कॅमेऱ्याच्या बाजूनं, चार ओळींत, आणि बेडकानं ती वाचली तेव्हाही त्याचा चेहरा काही फुलला नाही. जिंकलो असं वाटायला आधी स्पर्धा आहे हे ठाऊक असावं लागतं.

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या संध्याकाळी बाबांनी शेवटी विचारलं, "आणि खूण? झिजली असेल."

"नाही हो. अंगठा घालून बघितला मी. अजून बरोबर बसतो."

"कुठला?"

बेडकानं उजवा हात पुढं केला. बाबांनी तो दोन्ही हातांत घेतला, अंगठा शोधला आणि त्याच्या पेरावरून, नखावरून, चिरा पडलेल्या कातडीवरून बोटं फिरवत राहिले, जणू त्यावर काही उमटून आलंय. त्यांचा चेहरा मला नीट दिसत होता. तसा मी तो कधीच बघितला नव्हता. मी पायथ्याशी बसलो होतो, आणि माझा अंगठा मी मुठीत घट्ट मिटून धरला होता.